रांगेत उभी मुलं आणि पन्नास मिनिटांचा बर्फ

कॅनडातल्या ऑन्टारिओत राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, गावातल्या हाउस लीगच्या, म्हणजे सगळ्या मुलांना घेणाऱ्या स्थानिक स्पर्धेच्या, यू-९ (नऊ वर्षांखालच्या) संघात आइस हॉकी खेळतो. हे बाबा बेंचचं दार उघडायला आणि मुलांच्या स्केट्सच्या लेस आवळायला मदत करायचे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुख्य कोचची नोकरी दुसऱ्या शहरात गेली आणि 'तुम्ही तरी आहात' म्हणत संघ यांच्याकडे आला. पंधरा मुलं, आठवड्याला एक प्रॅक्टिस, एक मॅच. प्रॅक्टिसला पूर्ण रिंक, म्हणजे बर्फाचं अख्खं मैदान, मिळते, पन्नास मिनिटं. यांचं बालपण सांगलीकडे खो-खो आणि क्रिकेटमध्ये गेलं, स्केट्स पायात चढवले ते पस्तिशी उलटल्यावर. रात्री जागून यूट्यूबवरून ड्रिल्स उतरवून घेतात, फळ्यावर बाण काढतात. कोपऱ्यातून निघायचं, तीन कोन्सना (प्लॅस्टिकच्या शंकूंना) वळसा, शॉट, मग रांगेच्या शेवटी. प्रत्यक्षात मुलं रांगेत एकमेकांच्या हेल्मेटवर स्टिक आपटत उभी असतात. दोघं फार पुढे आहेत, चौघांना अजून नीट थांबता येत नाही. शेवटची दहा मिनिटं गेम ठेवला तर एक पालक ऐकवतात, 'पैसे काय नुसतं खेळायला भरलेत?' दुसऱ्यांना पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाची हल्ल्याची रचना, शिकवून हवा आहे. मॅचेस हरताहेत. परवा मुलगाच म्हणाला, 'बाबा, मला नाही यायचं.' पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय: 'मला सीझनचा प्लॅन आणि चांगल्या ड्रिल्सची यादी द्या. आणि खरं सांगा, जो हा खेळ कधी खेळलाच नाही त्याने हे काम करावं का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, करावं. माझी मुलं याच वयोगटांतून गेली, मीही काही सीझन बर्फावर मदतनीस म्हणून उभी राहिले, आणि यू-९ च्या मुलांना काय लागतं ते जवळून पाहिलं आहे. त्यांना नावाने हाक मारणारा, वेळेवर येणारा आणि पन्नास मिनिटं नीट आखून आणणारा माणूस लागतो. स्लॅप शॉट, म्हणजे स्टिक उगारून जोरदार फटका, मारून दाखवणारा लागत नाही, या वयात तो शिकवायचाही नसतो. जे करून दाखवावंच लागतं त्यासाठी माणसं मिळतात. ऑन्टारिओत हायस्कूलचा डिप्लोमा मिळवायला मुलांना ४० तासांचं समाजकार्य करावं लागतं. तुमच्याच हॉकी संघटनेतल्या यू-१५, यू-१८ च्या दोघातिघांना विचारा, त्यांची रीतसर नोंदणी करून घ्या आणि त्यांच्या तासांच्या कागदावर सही द्या. पंधरा वर्षांची एखादी मुलगी क्रॉसओव्हर घेत, पायावरून पाय टाकत, वर्तुळातून सर्रकन निघून गेली की आठ वर्षांची पोरं आ वासून बघतात. तेवढं प्रात्यक्षिक पुरे. ती दाखवत असताना कोण मागे पडतंय, कोणाचे डोळे पाणावलेत, हे बघायला तुम्ही मोकळे राहता, आणि कोचचं खरं काम तेच आहे.

ड्रिल्सच्या यादीपाशी मात्र जरा थांबू या. ड्रिल म्हणजे शिकणं आणि गेम म्हणजे शेवटी द्यायचा खाऊ, हे तुम्ही गृहीत धरलंय. रिंकच्या काचेमागून बघणारे पालकही तेच धरून बसलेत. म्हणजे वाद तुमचा आणि त्यांचा असला तरी समजूत दोघांची एकच आहे, आणि मला ती पटत नाही.

तुमच्याच ड्रिलचा हिशोब मांडून बघा. एका फेरीला वीस सेकंद धरा. पंधरा मुलांची एक फेरी व्हायला ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं. दहा मिनिटांत एका मुलाला दोन फेऱ्या, चाळीस सेकंदांचं स्केटिंग. उरलेली नऊ मिनिटं वीस सेकंद ते मूल थंडीत उभं आहे. एक निघाल्यावर पाच-सात सेकंदांनी दुसऱ्याला सोडलंत तर हिशोब थोडा सुधारेल, पण रांग काही जाणार नाही. अशा वेळी हेल्मेटवर स्टिक आपटणारं मूल वात्रट नसतं, ते कंटाळलेलं असतं. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. कोन जागचा हलत नाही, पक (या खेळातली रबरी चकती) हिसकावायला येत नाही. त्याला वळसा घालताना मुलाला मान वर करून कोण कुठे आहे ते बघावं लागत नाही, कधी वळायचं ते ठरवावं लागत नाही. मॅचमध्ये तर सगळा खेळ त्या बघण्याचा आणि ठरवण्याचाच असतो. म्हणून कोन्सभोवती झकास फिरणारी मुलं रविवारी मॅचमध्ये घुटमळतात आणि आपल्याला कोडं पडतं.

यूएसए हॉकी या अमेरिकेतल्या संघटनेने २००९ मध्ये लहान मुलांसाठीचा आपला सगळा आराखडा याच विचारावर बेतला. अख्खी रिंक तुकड्यांत वाटायची, प्रत्येक तुकड्यात वेगळं स्टेशन लावायचं, छोट्या जागेत गेम खेळवायचे. कॅनडातल्या संघटनेने, हॉकी कॅनडाने, पुढे अगदी लहान गटांना आडवं (रिंकच्या रुंदीत आखलेलं) किंवा अर्धं मैदान नेमून दिलं. एनएचएल या इथल्या व्यावसायिक लीगची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. तेवढ्या बर्फावर आठ वर्षांची मुलं सोडली की सगळ्यांत वेगवान पोरगा पक घेऊन सुसाट सुटतो आणि बाकीची त्याची पाठ बघत राहतात. जागा लहान केली की पक सगळ्यांच्या वाट्याला येतो. पकचंही तेच. नेहमीचा काळा पक सुमारे १७० ग्रॅमचा असतो, आणि लहान मुलांसाठीचा निळा पक ११५ च्या आसपास. तुमच्या पिशवीत निळे पक नसतील तर संघटनेकडे आजच मागा. काळ्या पकने या वयाचं मूल पास देत नाही, ढकलतं.

म्हणून ड्रिल्स टाकूनच द्यायच्या का? नाही. हॉकीतला थोर खेळाडू वेन ग्रेट्झकी याच्या वडिलांनी, वॉल्टर यांनी, ब्रँटफर्डच्या घरामागे पाणी सोडून बर्फ तयार केला होता आणि छोटा वेन तिथे डब्यांभोवती पक फिरवायचा, हे कॅनडातल्या हॉकीवाल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. डब्यांभोवतीची ती ड्रिलच होती. पण तिथे रांग नव्हती. मुलगा दिवेलागणीनंतरही खेळू शकत होता, कंटाळला तर थांबू शकत होता. तुमच्याकडे आठवड्याला एकदा, पन्नास मिनिटं आहेत. तेव्हा कुठलीही ड्रिल निवडताना तिला एकच प्रश्न विचारा. ती चालू असताना किती मुलं उभी असतील? निम्म्याहून जास्त, असं उत्तर आलं तर ती ड्रिल कितीही देखणी असो, सोडून द्या.

आता तुमच्या सांगलीकडे येते. आपल्याला यातलं काही येत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण तुमच्याजवळचा ठेवा तुमच्या लक्षात आलेला नाही. विष-अमृत बर्फावर जसंच्या तसं चालतं. ज्याला 'विष' मिळालं त्याने पाय फाकवून उभं राहायचं, आणि 'अमृत' द्यायला येणाऱ्याने त्याच्या दोन पायांमधून पक सरकवायचा. एवढ्यात वेग, थांबणं आणि नेमका पास, तिन्ही आले. साखळी खेळवा, पण स्टिक बाजूला ठेवून. हात धरून स्केटिंग करताना कच्च्या मुलाला तोल सावरायला आधार मिळतो आणि पक्क्याला वेग आवरायला लागतो. दोन गट समोरासमोर, मध्ये रुमाल आणि नंबर पुकारला की धावायचं, हा शाळेतला खेळ तर हॉकीत सगळीकडे खेळतात. रुमालाच्या जागी पक ठेवा. 'तीन!' म्हटलं की एकास एक, 'दोन आणि पाच!' म्हटलं की दोनास दोन. नंबर तुमच्या हातात असल्यामुळे कोणाची गाठ कोणाशी घालायची हेही तुम्हीच ठरवता, आणि मुलांच्या ते लक्षातही येत नाही.

माझा सगळ्यांत लाडका खेळ मात्र आट्यापाट्या. रिंकवर पाट्या आधीच आखलेल्या आहेत: दोन निळ्या रेषा आणि मधली लाल. प्रत्येक रेषेवर एक किंवा दोन मुलं उभी करा. त्यांनी त्या रेषेवरच डावी-उजवीकडे सरकायचं, पुढे-मागे यायचं नाही. बाकीच्यांनी पक घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. ज्याचा पक उडवला गेला त्याने त्या रेषेवर उभं राहायचं. पक नेणारा हुलकावणी शिकतो, मान वर ठेवायला शिकतो. रेषेवरचा शिकतो तोंड समोर ठेवून आडवं सरकायला आणि पुढच्याच्या स्टिकपेक्षा छातीकडे बघायला. बचावाची ही पहिली पायरी फळ्यावर बाण काढून शिकवायला तुम्हाला महिना लागला असता.

पन्नास मिनिटं अशी वाटून घ्या. बोलायचं ते ड्रेसिंग रूममध्येच बोलून घ्या, तेही तीन-चार वाक्यांत, आणि मुलांबरोबर तिथे कायम दोन मोठी माणसं असू द्या. बर्फावर भाषण नको. हेल्मेट घातलेल्या पंधरा मुलांना रिंकच्या गोंगाटात तुमचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही. पहिली आठ मिनिटं विष-अमृतासारखा खेळ, म्हणजे सगळी एकदम हलायला लागतात. मग तीन स्टेशन्स, प्रत्येकी पाच मुलं, सात मिनिटांचं काम आणि जागा बदलायला एक मिनिट, असे चोवीस. एका टोकाला नंबरचा खेळ आणि गोलवर शॉट. दुसऱ्या टोकाच्या वर्तुळावर चौघं आणि मध्ये एक, चौघांनी पास देत राहायचं आणि मधल्याने अडवायचं. निळ्या रेषांच्या मधल्या पट्ट्यात निव्वळ स्केटिंग: एका पायावर सरकत कोण लांब जातो, पात्याच्या कडांवर तोल, वळणं, थांबणं. त्यानंतर चौदा मिनिटं दोन आडव्या मैदानांवर तीन विरुद्ध तीन. बारा मुलं खेळतात, उरलेली तिघं रिंकच्या कडेच्या फळीपाशी उभी राहून ज्याने पास दिला त्यालाच तो परत देतात. दर मिनिटाला शिट्टी आणि अदलाबदल. शेवटच्या चार मिनिटांत एखादी रिले आणि पक गोळा करणं. गोळा करणं मुलांनीच करायचं. त्याचीही शर्यत होते.

या चौदा मिनिटांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथेच शिकवणं सगळ्यांत जास्त होतं आणि काचेमागून ते दिसत नाही. गेम चालू असताना 'पास दे, पास दे' असं ओरडून मूल पास देत नाही. नियम बदलला की देतं. फळीवरच्या मदतनिसाशी पासची देवाणघेवाण झाल्याशिवाय गोल धरणार नाही, असं सांगून बघा. दोन मिनिटांत माना वर होतात. मुलं पकवर माश्यांसारखी घोंघावत असतील तर दुसरा पक आत टाका, घोळका आपोआप फुटतो. गोलच्या दोन्ही जाळ्या उलट्या करून त्यांचं तोंड फळीकडे करा. सरळ धावत जाऊन शॉट मारणाऱ्याला आता मागून वळसा घ्यावा लागतो आणि वळताना पक अंगाजवळ धरावा लागतो. कधी पकऐवजी टेनिसचा चेंडू टाका. चेंडू उसळतो, त्यामुळे हात हलके होतात. पक जिंकला की आधी आपल्या रेषेमागे न्यायचा आणि मगच हल्ला, या नियमाने मुलं वळून बघायला शिकतात. मात्र एका वेळी एकच नियम. दोन एकदम सांगितले की निम्मी मुलं विसरतात आणि उरलेली भांडतात.

तुमचे ते दोन पट्टीचे खेळाडू. त्यांना वेगळं काढून पुढचं शिकवावं का, असा प्रश्न तुमच्या मनात असणार. स्टेशन्सवर काढा, गेममध्ये नको. स्टेशनवर पाचाचा गट वेगाप्रमाणे केला तर कोणालाच लाज वाटत नाही आणि प्रत्येकाला आपल्या जोडीचं कोणीतरी मिळतं. गेममध्ये मात्र ते मिसळलेले हवेत, फक्त त्यांच्यासाठी एक अट घाला: त्यांनी एक गोल केला की त्यांच्या संघातल्या दुसऱ्या कोणाचा गोल होईपर्यंत त्यांचा पुढचा गोल मोजायचा नाही. दोन गेममध्ये ती मुलं दुसऱ्यांसाठी संधी तयार करायला लागतात. ही त्यांना शिक्षा नाही, त्यांच्यासाठी हा वरच्या वर्गाचा अभ्यास आहे, आणि तो तसाच त्यांना सांगा.

थांबता न येणाऱ्या चौघांच्या बाबतीत आधी पाय बघा, मग तंत्र. नव्याने इथे आलेल्या आपल्या घरांत स्केट्स दीड-दोन नंबर मोठे घ्यायची पद्धत आहे, 'पुढच्या वर्षी होतील' म्हणून. काटकसर समजते, पण मोठ्या स्केटमध्ये घोटा आत कलंडतो आणि मूल पात्याच्या कडेवर उभंच राहू शकत नाही. लेस मोकळी सोडून बोटं पुढे टेकवा. टाचेमागे मोठ्या माणसाचं एक बोट जेमतेम गेलं पाहिजे. जुने स्केट्स घ्यायला काहीच हरकत नाही, मापाचे घ्या. धार बघा, नव्या स्केट्सनाही दुकानात धार लावून घ्यावी लागते, हे कित्येकांना माहीत नसतं. स्केट्स घालून उभं राहिल्यावर स्टिक हनुवटीपर्यंत यावी. नाकाच्या वर गेलेली असेल तर वरून कापा.

एवढं झालं की थांबणं शिकवा. मुलाला फळी दोन्ही हातांनी धरून उभं करा, गुडघे वाकलेले. एक पाय जागेवर, दुसऱ्या पायाची टाच बाहेरच्या बाजूला ढकलायची आणि पात्याने बर्फ खरवडायचा. पात्याखालून पांढरा भुगा निघाला पाहिजे. 'कोणाच्या पायाशी मोठा ढीग होतो ते बघू' म्हटलं की चौघंही दात-ओठ खाऊन खरवडतात. मग दुसरा पाय. मग फळी सोडून दोन पावलं सरकत येऊन तेच. कान द्या: लांब 'खर्रर्र' आवाज आला तर पातं सपाट घसरतंय आणि बर्फ निघतोय, आवाज तुटक येऊन मूल पुढे झुकलं तर धार रुतली, म्हणजे पाय फार तिरपा पडतोय. तेवढंच एक सांगायचं, 'जरा सपाट', आणि पुन्हा. एका बाजूला जमलं की बहुतेक मुलं दुसरी बाजू टाळतात, म्हणून दुसरी बाजू मागायला विसरू नका. हे मधल्या पट्ट्यातल्या स्टेशनवर दर आठवड्याला पाच मिनिटं करा. नाताळपर्यंत चौघंही थांबतील.

सीझनचा प्लॅन मागितला आहेत, तो फार मोठा नाही. नाताळपर्यंत स्केटिंग आणि पक सांभाळणं. जानेवारीत पास देणं-घेणं आणि अंगाआड पक राखणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोनास एक, मोकळ्या जागेत सरकणं, आणि ऑफसाइड, तोही खेळातूनच: निळ्या रेषेच्या आत पक आधी गेला पाहिजे, तुम्ही नंतर. दर आठवड्याला नव्या ड्रिल्स आणू नका. तीच तीन स्टेशन्स तीन आठवडे ठेवा, फक्त दर वेळी एखादी गोष्ट थोडी अवघड करा. समजावण्यातली मिनिटं वाचतात आणि बुजरी मुलं दुसऱ्या आठवड्यात 'हे मला येतं' म्हणत पुढे येतात. नवं हवंच असेल तर हॉकी कॅनडाचं 'ड्रिल हब' फुकट आहे आणि वयोगटाप्रमाणे लावलेलं आहे. रात्री यूट्यूबवर भटकण्यापेक्षा तिथे पंधरा मिनिटं बसा.

पॉवर प्ले मागणाऱ्या पालकांना शांतपणे सांगा की ज्या मुलांचा पास दहा फुटांवर पोहोचत नाही त्यांना पाच जणांची रचना शिकवता येत नाही. पैशांबद्दल बोलणाऱ्यांशी मात्र वेगळं वागा, कारण त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. बर्फाचा तास महाग असतो, आणि सामान, फी, इंधन मिळून या खेळाला घरातले पैसे खरंच लागतात. त्यांना एक काम द्या. आपल्या मुलाच्या स्टिकला पक किती वेळा लागला ते त्यांनी मोजायचं, एकदा तुमच्या जुन्या रांगेच्या ड्रिलमध्ये दहा मिनिटं आणि एकदा तीन विरुद्ध तीनमध्ये दहा मिनिटं. तुम्ही काही समजावू नका, आकडे त्यांनाच वाचू द्या. शिवाय दर आठवड्याला सगळ्या पालकांना तीन ओळींचा मेसेज: या शनिवारी काय करणार, कशासाठी, आणि घरी काय विचारा. 'किती गोल केलेस'च्या जागी 'आज कोणाला पास दिलास' असं विचारायला सांगा. संघटनेच्या तपासण्या पूर्ण करून यायला कोणी तयार असेल तर त्यांना स्टेशनवरच उभं करा. काचेच्या अलीकडे आलेला पालक तक्रार कमी करतो आणि मदत जास्त.

मॅचेस हरण्याबद्दल दोनच गोष्टी. सगळ्यांना सारखा वेळ बर्फावर, मग स्कोअर काहीही असो. आणि मॅचआधी एकच गोष्ट सांगा, त्या आठवड्यात प्रॅक्टिसला केलेली, आणि मॅचनंतर फक्त तिच्याबद्दलच बोला. बेंचवरून पक असलेल्या मुलाला सूचना देऊ नका. त्याला ऐकू येत नाही, आणि आलं तर तो घाबरतो. गोलकीपरची जागा आळीपाळीने द्या. कोणाला ती आवडेल हे आठव्या वर्षी कोणीच सांगू शकत नाही.

सुरक्षेत मात्र कसूर चालणार नाही. पूर्ण जाळीचं हेल्मेट, गळ्याचं पॅड आणि बर्फावर जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट, तुमच्याही. गेम सुरू करण्याआधी भरकटलेले पक बाजूला करा. पायाखाली आलेल्या पकवरून पडणं वाईट असतं. मुलांना पहिल्या दिवसापासून सांगा की फळीजवळ पाठमोऱ्या मुलाला ढकलायचं नाही, आणि स्वतः पडत असाल तर डोकं आधी फळीकडे न्यायचं नाही. अंगावर आदळून अडवणं हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये पीवी, म्हणजे आताच्या यू-१३ गटापर्यंत बंद केलं, तेव्हा तो विषय तुमच्यापुढे नाहीच. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मूल त्या दिवशी परत बर्फावर जात नाही. ऑन्टारिओत यासाठी रोवन्स लॉ आहे. रोवन स्ट्रिंगर ही शाळकरी रग्बीपटू २०१३ मध्ये डोक्याच्या लागोपाठच्या दुखापतींनी गेली, त्यानंतर २०१८ मध्ये हा कायदा झाला. त्यातली माहिती दर वर्षी कोच आणि पालक दोघांनीही वाचायची असते. ती खरोखर वाचा. 'काही नाही, पाणी पी आणि जा' हे आपल्या लहानपणी चालायचं, इथे चालवू नका.

तुमच्या मुलाचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण त्याला घाईने उत्तर नको. त्याला हॉकी नको आहे असं तुम्ही धरून चाललात. तो तेवढं म्हणालेला नाही. त्याला रांगेत उभं राहायचं नसेल, किंवा शनिवारी सकाळी पंधरा जणांत वाटले गेलेले बाबा नको असतील. एखाद्या संध्याकाळी त्याला सहज विचारा, प्रॅक्टिसमधला कुठला भाग नको वाटतो. उत्तर येईपर्यंत गप्प बसा. स्टेशन्स लावाल तेव्हा त्याचा गट दुसऱ्या मदतनिसाकडे द्या, म्हणजे त्याच्या चुका तुम्ही दुरुस्त करणार नाही. घरी परतताना गाडीत हॉकीबद्दल एक अक्षर काढायचं नाही, तो स्वतः बोलला तरच ऐकायचं. टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या दुकानापाशी थांबून हॉट चॉकलेट घ्या आणि शाळेतल्या गप्पा मारा. इतकं करून जानेवारीतही तो 'नको'च म्हणत असेल, तर मुख्य कोचचं काम दुसऱ्या पालकाकडे सोपवून तुम्ही मदतनीस व्हा. त्यात हार काही नाही. संघाला कोच शोधता येतो, त्याला मात्र बाबा एकच आहे.

आधी एवढं करा. आज संघटनेला फोन करून दोन मोठी मुलं, निळे पक आणि हॉकी कॅनडाच्या 'कोच १' या प्रशिक्षणाची तारीख मागा. यू-७, यू-९ साठीचं प्रशिक्षण हेच, आणि तुम्ही अजून ते केलं नसेल तर केलंच पाहिजे. शनिवारसाठी वरचा आराखडा एका कार्डावर लिहून हातमोज्यात ठेवा. प्रॅक्टिस संपली की पार्किंगमधून गाडी काढण्याआधी त्याच कार्डामागे दोन ओळी लिहा: कुठला खेळ रंगला, आणि कोण जास्त वेळ उभं राहिलं. पुढच्या शनिवारची आखणी त्या दुसऱ्या ओळीतल्या मुलापासून सुरू करा.